नुसता टेकलेला ब्रिज

त्या घरात 'ब्रिज पडला' असं कुणी म्हटलं की बाकीचे लगेच घाबरत नसत. आधी विचारत, "कुणाचा?"

कारण घरात ब्रिज पुष्कळ होते. दादा नदीवरचे पूल तपासायचा. त्याच्या खात्यात पुलाला पूल म्हणणारा माणूस नवखा समजला जाई. तिथं सगळे ब्रिजच म्हणत. धाकटी दातांची डॉक्टर. तिचे ब्रिज लोकांच्या तोंडात असत, पडलेल्या दाताच्या आजूबाजूच्या दोघांना घट्ट धरून. आईचा ब्रिज व्हायोलिनवर होता: दोन पेरांएवढी लाकडी कमान, मधून नक्षीदार कोरलेली, जिच्या डोक्यावरून चार तारा जातात. बाबा बोटीवर नोकरीला होते आणि फोन उचलला की म्हणत, "आत्ता ब्रिजवर आहे, नंतर बोलतो." जिथून बोट हाकतात ती वरची खोली म्हणजे बोटीचा ब्रिज. घरातल्या कुणीच ती पाहिली नव्हती, पण बायकोचा फोन टाळायला ती फार सोयीची असावी असं आईचं मत होतं.

आणि मामा. आईचा धाकटा भाऊ, बिनलग्नाचा, मागच्या खोलीत राहणारा. तो पत्त्यातला ब्रिज खेळे. त्याच्या ब्रिजखाली पाणी नव्हतं, हिरड्या नव्हत्या, काहीच नव्हतं. तरी तो म्हणे, "खरा ब्रिज आमचाच. तुमची सगळी बांधकामं." हे म्हणताना त्याचा चष्मा नाकावरून घसरे, कारण चष्म्याचा ब्रिज गेल्या वर्षी तुटला होता आणि तिथं चिकटपट्टी होती.

एका शब्दावर एवढी माणसं जगत होती आणि त्याचं कुणालाच काही वाटत नव्हतं. नळाला पाणी येतं याचं तरी कुणाला काय वाटतं?

रविवारी दुपारी आईचा फोन आला. ती नदीपलीकडच्या नाट्यगृहात तालमीला गेली होती. धाकटीनं फोन स्पीकरवर टाकला.

"ब्रिज पडला," आई म्हणाली. "मोडलाच."

दादाचा एक पाय बुटात गेलासुद्धा. "कुठला? वर माणसं होती का?"

"वरचा की खालचा?" धाकटीनं विचारलं.

"किती पॉइंटांनी?" मागच्या खोलीतून मामा.

आईनं तिघांचं बोलून होऊ दिलं. मग आई म्हणाली, "माझा."

तेव्हा मात्र सगळे घाबरले.

आई त्या नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात आयुष्यभर दुसऱ्या रांगेत बसली होती. दुसऱ्या रांगेतल्या व्हायोलिनवाल्यांना लोक ऐकतात, पण ऐकलं असं कुणाला आठवत नाही. आज तिचा निवृत्तीचा कार्यक्रम होता आणि आज तिला पहिल्यांदाच एकटीनं वाजवायचा तुकडा मिळाला होता. दोन-तीन मिनिटांचा. तो ती कित्येक महिने स्वयंपाकघरात वाजवत होती. कुकरलासुद्धा तो आता पाठ झाला असेल.

"दुसऱ्या कुणाचं व्हायोलिन घे ना," दादा म्हणाला.

"शेवटचं वाजवायचं आणि तेही उसन्या व्हायोलिनवर? त्यापेक्षा मी खुर्चीवर बसून टाळ्या वाजवते. वाद्यवृंदाचे मास्तर म्हणालेत, पडदा वर जाईपर्यंत थांबू. नाही आलं तर तुकडा पहिल्या रांगेतल्या बाईंना." तिनं आवाज खाली आणला. "त्या बाई तयारच बसल्यात. आत्तापासून खांदे फिरवतायत."

"आणि तुझा तो दुरुस्तीवाला?"

"परगावी. फोन बंद. पण पेटीत एक कोरा ब्रिज आहे. त्याचे पाय नुसते सपाट आहेत, ते व्हायोलिनच्या पोटावर बसवून घ्यावे लागतात. मधे केसाची फट राहता कामा नये." मग आईनं ते वाक्य उच्चारलं ज्यामुळे पुढचं सगळं झालं. "धाकटे, तू दातांना बसवतेस ना? तसंच."

दादानं ऑफिसची जीप काढली आणि व्हायोलिन आणायला गेला. यायला उशीर झाला, कारण जाताना आणि येताना तो ब्रिजवर थांबला. दादाला आयुष्यात एकही ब्रिज सरळ ओलांडता आलेला नाही. तो उतरतो, कठड्याला हात लावतो, हातोडीनं दोन-चार ठिकाणी ठोकून कान लावतो, वाकून खाली बघतो आणि मग समाधानानं, किंवा काही बिघाड सापडला तर त्याहून जास्त समाधानानं, परत गाडीत बसतो. त्याच्या स्वतःच्या लग्नाला तो असाच उशिरा पोचला होता.

धाकटीचा दवाखाना रविवारी बंद असे. मदतनीस बाई सुट्टीवर, म्हणून मामाला पांढरा कोट घालावा लागला. तो त्याला इतका आवडला की तो आरशासमोरून हलेना.

"मामा, उजेड इकडे."

"पेशंटचं वय?"

"तुझ्याएवढंच. गप उजेड धर."

व्हायोलिन दातांच्या खुर्चीत आडवं झोपलं. धाकटीनं सवयीनं त्याच्या गळ्याखाली कागदी रुमाल लावला. मग तिनं तो निळा कागद काढला जो पेशंट दातात धरून चावतात आणि जिथं दात उंच लागतो तिथं निळा ठिपका उमटतो. कागद व्हायोलिनच्या पोटावर ठेवला, त्यावर कोरा ब्रिज घासला. पायाला निळे ठिपके उमटले. ते तिनं बारीक यंत्रानं घासून टाकले. पुन्हा कागद, पुन्हा ठिपके. हळूहळू ठिपक्यांचे डाग झाले, डागांचे पट्टे झाले आणि शेवटी दोन्ही पायांचे तळवे सबंध निळे उमटले. लाकूड लाकडावर असं बसलं की मधे उजेडाचा धागासुद्धा जाईना. जुन्या ब्रिजचे मोडलेले तुकडे जुळवून तिनं उंची घेतली, तारांच्या खाचा पाडल्या.

"उंच लागतंय का?" तिनं विचारलं. व्हायोलिन काही बोललं नाही. सहसा पेशंटही बोलत नाहीत, त्यांच्या तोंडात तिचा हात असतो.

आणि मग तिनं तेच केलं जे ती ब्रिज बसला की करते. काचेच्या तुकड्यावर तात्पुरतं सिमेंट कालवलं, दोन्ही पायांना लावलं आणि ब्रिज दाबून धरला. तात्पुरतंच, कारण ती शहाणी डॉक्टर होती. पक्कं नंतर करता येतं, आधी बसलाय कसा ते चार दिवस बघावं. दवाखान्यात लवंगेच्या तेलाचा वास पसरला. सिमेंट धरलं, तिनं तारा पिळल्या, एक छेडली.

'टप' असा आवाज आला.

"हा काय आवाज?" मामा म्हणाला.

"नवीन आहे. बसेल दोन दिवसांत."

"पेशंटला काय सांगायचं?"

"या बाजूनं कडक काही खायचं नाही," धाकटी म्हणाली आणि व्हायोलिन पेटीत ठेवलं.

तिघं जीपमध्ये बसले. ऊन उतरायला लागलं होतं. नदी आली, ब्रिज आला, आणि ब्रिज संपता संपता जीप कडेला थांबली.

"दादा! आज नाही!"

"दोन मिनिटं. मघाशी इथल्या टोकाचा आवाज जरा वेगळा वाटला." तो हातोडी घेऊन उतरलासुद्धा. रस्त्यावर, जिथं ब्रिज संपून जमीन सुरू होते, तिथं दोन लोखंडी दातेरी पट्ट्या एकमेकींत अडकल्या होत्या. वरच्या जबड्याचे दात खालच्यात बसावेत तशा, फक्त मधे बोटभर फट. दादा त्यांच्याकडे प्रेमानं बघून काठावरच्या पायऱ्या उतरला.

आई पहिल्या रांगेतल्या बाईंचे खांदे बघत बसली असणार. धाकटी त्याला कॉलरला धरून आणायला मागोमाग उतरली. उन्हात राहू नये म्हणून पेटी तिच्या हातात होती. मामा कोट घालूनच आला होता, तोही उतरला.

खाली सावली होती आणि ओलसर दगडांचा वास. वर ब्रिजचं पोट: काळे, रुंद, एकामागं एक गेलेले लोखंडी गर्डर. धाकटीनं असंख्य वेळा या ब्रिजवरून ये-जा केली होती, पण त्याला खालून कधी पाहिलं नव्हतं. तोंड उघडल्याशिवाय माणूसही कळत नाही, हे तिला धंद्यामुळे माहीत होतं. तिनं मान वर केली आणि दादाला ओरडायचं राहून गेलं.

गर्डरचं टोक दगडी भिंतीवर येऊन थांबलं होतं. मधे एक जाड लोखंडी रूळ होता, लाटण्यासारखा गोल, आडवा, ग्रीस माखलेला. दादानं हातोडीनं गर्डरवर ठोकलं. 'टणणण्' असा आवाज नदीपार जाऊन आला.

"छान आहे," दादा म्हणाला. "माझाच कान बिघडला होता."

"हे भिंतीला कशानं जोडलंय?" धाकटीनं विचारलं.

"नाही जोडलेलं."

"म्हणजे सुटलं?"

"सुटलं नाही गं. जोडलेलंच नाही. पलीकडच्या टोकाला पिनेवर अडकवलाय. इथं नुसता टेकलाय."

मामा दोन पावलं मागं सरकून उन्हात जाऊन उभा राहिला.

"नुसता?" धाकटी म्हणाली. "एवढ्या बसगाड्या जातात वरून!"

"म्हणून तर. उन्हात लोखंड वाढतं, रात्री आक्रसतं. दुपारी हा ब्रिज सकाळपेक्षा लांब असतो. वर वजन आलं की वाकतो, वाकला की टोक सरकतं. इथं पक्का बांधून टाकला तर एक तर भिंत फोडेल नाहीतर स्वतः फुटेल. आवाज आधी जातो. मग बाकीचं."

"मग उभा कशावर आहे तो?"

"स्वतःच्याच वजनावर. तेच त्याला खाली दाबून धरतं." दादानं खिशातून खडू काढला आणि रुळावर एक रेघ मारली, तिच्या समोर भिंतीवर दुसरी. दोन्ही एका ओळीत. "बघ आता. बस येतेय."

वर घरघर वाढली. डोक्यावरून काहीतरी अवजड गेलं. धाकटीनं डोळे रेघेवरून हलवले नाहीत. आणि तो एवढा मोठा लोखंडी ब्रिज, ज्याच्यावर शहर निवांतपणे ये-जा करत होतं, तो हलला. केसाएवढा. रुळावरची रेघ भिंतीवरच्या रेघेपासून सरकली, क्षणभर थांबली आणि बस निघून गेल्यावर परत आपल्या जागी आली, जसा झोपलेला माणूस कुशीवर वळून परत उताणा होतो.

"हा रोज असं करतो?" तिनं हळू आवाजात विचारलं. देवळात विचारावं तसं.

"प्रत्येक गाडीला."

धाकटीनं हातातल्या पेटीकडे पाहिलं. मग दादाकडे.

"दादा."

"काय?"

"मी चिकटवलाय."

"काय चिकटवलंय?"

"आईचा."

दादानं पेटी दगडावर ठेवून उघडली. हातोडी बाजूला ठेवून त्यानं पेनानं ब्रिजला हलकेच टकटक केली आणि कान लावला. आतून सडलेल्या काँक्रीटला ठोकल्यावर त्याचा चेहरा जसा होतो तसा झाला.

"याचं डोकं बघ," तो म्हणाला. "तू तारा पिळल्यास तसं वरचं टोक पुढं ओढलं गेलंय. पाय सरकू शकत नाहीत, म्हणून मधे वाकलाय. हा वाजवता वाजवता मोडेल."

"बाईंनी खांदे फिरवायला सुरुवात केली म्हणजे त्यांना आतून कळलं होतं," मामा उन्हातून म्हणाला.

धाकटीनं आईला फोन लावला.

"पोचलात?" आई म्हणाली.

"आई, त्या ब्रिजला चिकटवतात का?"

पलीकडं एक दार लावल्याचा आवाज आला. मग एकदम शांतपणे, "कशानं चिकटवलास?"

"सिमेंटनं."

"सिमेंट!"

"दातांचं, आई. तात्पुरतं. निघतं ते. तूच म्हणालीस दातांसारखं—"

"पाय बसव म्हटलं होतं, पाय! अगं, त्याला कधी कुणी चिकटवतं का? तो नुसता उभा असतो. तारा वरून दाबतात म्हणून उभा असतो. काढ तो. आणि ऐक, सगळ्या तारा एकदम सोडू नकोस. आत पोटात एक बारीक खांब आहे, मघाशी ब्रिज मोडला तेव्हा नशिबानं राहिला, आता ताण गेला तर तो पडेल."

"तो तरी चिकटवलेला आहे ना?"

"तोही नुसता उभा आहे," आई म्हणाली. "आणि रडू नकोस. हात थरथरतील."

धाकटी दगडावर बसली. रडणार नव्हती, तिला एक गोष्ट आठवली होती. दातही हाडाला चिकटलेला नसतो. दात आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये बारीक धाग्यांची गादी असते, दात तिच्यात टांगलेला असतो आणि प्रत्येक घासाला केसाहून कमी हलतो. हे तिनं परीक्षेत लिहिलं होतं, आकृतीसकट. पेशंटना सांगितलं होतं. सिमेंटनं ब्रिज दातांना पक्का करताना आपण तो हलणाऱ्या माणसांच्या खांद्यावर ठेवतोय हे तिला कधी सुचलं नव्हतं. तिनं जिभेनं स्वतःची एक दाढ दाबून पाहिली. दाढ घट्ट होती. आणि ती नव्हतीच घट्ट, कधीच नव्हती, आणि म्हणूनच इतकी वर्षं टिकली होती. वर आणखी एक गाडी गेली. ब्रिज सरकला आणि परत आला.

"अगं ए," दादा म्हणाला, "पडदा वर जायचाय."

तिनं एकेक तार थोडी थोडी सैल केली. खांद्यावरच्या पिशवीतून दात साफ करायचं टोकदार हत्यार काढलं, पायाच्या कडेला लावलं आणि ज्या हातानं ती लोकांच्या नकळत ब्रिज काढते त्या हातानं एक टिचकी दिली. पाय सुटला. मग दुसरा. व्हायोलिनच्या पोटावर दोन छोटे फिकट ठसे राहिले, कुणीतरी तिथं उभं राहून गेल्यासारखे. तिनं सिमेंटचा कण न् कण खरवडला, पुसला.

"आता धरायला कुणीतरी हवं. मी तारा पिळेपर्यंत."

मामा पुलाखाली आला. आपण कुठं आलोय हे त्याच्या लक्षात होतं, ते त्याच्या खांद्यांत ओढून घेतलेल्या मानेवरून दिसत होतं. पण आयुष्यभर पत्ते धरलेल्या त्याच्या बोटांना कंप माहीत नव्हता. त्यानं ती छोटी कमान दोन बोटांत उभी धरली. धाकटीनं एक तार पिळली, मग पलीकडची, मग मधल्या. लाकडाचे पाय लाकडावर टेकले.

"सोड, मामा."

"पडला तर?"

"सोड."

मामानं बोटं काढली, पण लांब नेली नाहीत.

तो उभा राहिला. खिळा नाही, डिंक नाही, सिमेंट नाही. चार तारा त्याला खाली दाबत होत्या आणि तो त्यांना वर उचलत होता. एवढंसं लाकूड आणि त्याला धरणारं कुणीही नाही.

त्याच वेळी वरून एक भरलेला ट्रक गेला. मोठा ब्रिज घुमला, दगड घुमले, आणि धाकटीच्या तळव्याखाली व्हायोलिनचं पोट थरथरलं. कुणी हात लावला नव्हता, तरी सगळ्यात जाड तारेतून एक अगदी बारीक गुणगुण निघाली. ट्रक गेल्यावरही ती क्षणभर राहिली.

मामानं चष्मा काढून पुसला. कोटाला पुसला, म्हणजे तो आणखी मळला.

नाट्यगृहाच्या मागच्या दारात आई उभी होती. मागं पहिल्या रांगेतल्या बाई खांदे फिरवत होत्या. आईनं व्हायोलिन घेतलं, ते दोन ठसे पाहिले, मग नाक जवळ नेलं.

"हे कुणाच्या दाढेत ठेवलं होतंस?"

"तात्पुरतं," धाकटी म्हणाली.

आईनं ब्रिजला दोन बोटांनी किंचित मागं सरकवलं. इतकं किंचित की सरकवलं असं दिसलंच नाही. पण तार छेडली तेव्हा मागच्या बाईंचे खांदे थांबले.

तुकडा आला तेव्हा तिघं पडद्याच्या बाजूला, दोरखंडांमध्ये उभे होते. आई उठली. पलीकडच्या टोकाला पियानोवाले गृहस्थ होते. तिनं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, त्यांनी मान हलवली नाही, तरी दोघं एकाच क्षणी सुरू झाले.

"बोलायचं नाही, खूण करायची नाही, तरी पार्टनरला कळलं पाहिजे," मामा पुटपुटला. "मी इतकी वर्षं हेच सांगतोय, आमचा पत्त्यांतला ब्रिज म्हणजे हेच."

ह्या वेळी त्याला कुणी हसलं नाही.

स्वयंपाकघरातला तो तुकडा धाकटीला तोंडपाठ होता, आणि तिनं तो पहिल्यांदाच ऐकला. आवाज व्हायोलिनमधून येतोय असं वाटेना. तो सभागृहाच्या भिंतींना आतून सुचल्यासारखा येत होता. तिची नजर मात्र आईच्या बोटांवर नव्हती. दिव्यांच्या उजेडात ती दोन पेरांएवढी कमान उभी होती. तिच्या डोक्यावर आईचं सगळं आयुष्य चाललं होतं आणि पायाखाली तिला धरायला काहीच नव्हतं. धाकटीनं श्वास रोखला, कारण तो सोडला तर काहीतरी पडेल असं तिला वाटलं. काही पडलं नाही.

शेवटचा सूर संपला. लोक टाळ्या वाजवायचं विसरले. मग एकदम सगळ्यांना आठवलं.

आई पडद्यामागं आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. धाकटी पुढं झाली. पण त्याआधी दादा आईजवळ पोचला होता. त्यानं तिला नमस्कार केला नाही, मिठीही मारली नाही. गुडघ्यांवर हात टेकून तो वाकला आणि व्हायोलिनच्या ब्रिजखालून बघायला लागला.

"दोन मिनिटं," तो म्हणाला.